कवळी आणि मल्लारी

४ एप्रिल

कुंभकोणमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आज कवळी बसवली आणि वर ही वही हातात दिली. म्हणाल्या, "आजोबा, कुठे टोचतं, काय खाता येतं, काय येत नाही, रोज लिहीत जा. पुढच्या खेपेला मला दाखवा."

मी म्हटलं, "बाई, खाण्याचं सोडा. मला वाजवायचंय."

"काय वाजवता?"

घ्या! सबंध तंजावर जिल्हा ज्याला शिवगुरुनाथन नादस्वरम म्हणून ओळखतो, त्याला विचारतात काय वाजवता. बायको शेजारी बसून गालातल्या गालात हसत होती.

तर डॉक्टरीणबाई, वाचा. वरची टोचते. खालची हलते. इडली जाते, कडक मुरुक्कू जात नाही. ओठ दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात.

६ एप्रिल

ही वही त्या बाईंना दाखवायची नाही, कारण आज मी रडलो.

सकाळी आंघोळ करून, विभूती लावून, आमची ती लांब सनई, नादस्वरम, घेऊन बसलो. वाद्याच्या तोंडाची बोरूची पत्ती ओठांत धरली, फुंकर घातली आणि आला तो आवाज! दारातलं कुत्रं उठून गेलं. आमच्या वाद्यात सगळा खेळ ओठांचा. ओठांना मागून दातांचा टेकू लागतो, आणि माझे खरे दात वेडेवाकडे होते तरी माझे होते. पानतंबाखूने हिरड्या खाल्ल्या आणि एकेक करून सगळे गेले. आता या बाईंनी सिनेमातल्या नटासारखी सरळ बत्तिशी बसवलीय. तिच्यावर ओठ घसरतो.

सौंदरवल्ली, म्हणजे आमची ही, स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आज राहू द्या."

राहू द्या कसं? वैकासी महिन्यातलं विशाखम, मुरुगनच्या पालखीचा सण, तोंडावर आलंय. मुरुगन देवळाच्या दारातून बाहेर पडतो तेव्हा जी वाजते ती मल्लारी. ती उठल्याशिवाय पालखीचे भोई पाऊल उचलत नाहीत. आणि या गावात ती आमच्याच घरातून उठते. माझ्या बापाने वाजवली, त्याच्या बापाने वाजवली. मुलगा सिंगापूरला गोदीत आहे, त्याला फुंकायला दिलं तर शंखसुद्धा वाजायचा नाही. शिष्य होते त्यातला एक मद्रासला सिनेमावाल्यांकडे गेला, दुसऱ्याने मोबाईलचं दुकान काढलं. राहिलो मी आणि ही बत्तिशी.

वाजवणार. बस्स.

११ एप्रिल

देवळाचे सरकारी अधिकारी घरी आले होते. तरुण माणूस, तिरुनेलवेलीकडचा, बोलायला गोड. कॉफी घेतली आणि म्हणाले, "अय्या, तब्येतीपुढे कुणाचं काय चालतं? यंदा जमणार नसेल तर मेच्या मध्यापर्यंत कळवा. बाहेरची एक पार्टी मिळतेय. तेही नाही जमलं तर चांगलं रेकॉर्डिंग आहे आपल्याकडे."

देव बाहेर पडतोय आणि भोंग्यातून मल्लारी! माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण तोंड उघडलं की कवळी निसटते, म्हणून गप्प बसलो. तेवढ्यात ही मध्ये पडली. "यंदाही मल्लारी याच घरातून उठेल, साहेब. काळजी करू नका."

बायको पाठीशी उभी राहिली म्हणून बरं वाटलं. एवढा विश्वास तर माझाही माझ्यावर नाही.

१३ एप्रिल

चमत्कारिक गोष्ट. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. नदीपलीकडच्या नारळाच्या बागेतून नादस्वरम ऐकू आलं. मागे तविलचा ढोल. कोण हा बुवा? आमच्या पंचक्रोशीत असं वाजवणारा कुणी नाही. दम चांगला आहे. तोंडात गोडवा आहे. पण स्वराच्या शेवटाशी घाई करतो, आणि घाई तरी कुठे, तर नेमकी माझ्या घराण्याच्या जागेवर! चोर कुठला. कुठल्यातरी लग्नात मला ऐकून उचललेलं दिसतंय.

रात्री जेवताना मी तणतणत होतो. हिने कधी नव्हे ते विचारलं, "म्हणजे नेमकं काय चुकलं म्हणता त्याचं?" आमच्या संसारात हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला असेल. मग मी ती जागा गाऊन दाखवली. शेवटी स्वर सोडायचा नाही, टेकवायचा. तैयल, आमची मुलगी, रसमची पळी हातात घेऊन तशीच उभी होती. माझ्या पानातला भात गार झाला तरी तिला वाढायचं भान नाही. दिवसभर शाळेत पोरींना गणित शिकवून थकते बिचारी. नवरा मस्कतला, मूलबाळ नाही, घर आणि शाळा एवढंच तिचं.

१४ एप्रिल

आज त्या बुवाने तो स्वर टेकवला. योगायोग.

१९ एप्रिल

उंदीर झालेत घरात. पत्त्यांच्या डबीतल्या दोन चांगल्या पत्त्या गायब. मी डबी कपाटावर ठेवली. उंदराला पत्तीचं काय सुख मिळतं कुणास ठाऊक.

तैयलचा वरचा ओठ सुजलाय. विचारलं तर म्हणते, खडूची भुकटी बाधते. ही तिला तूप लावून देत होती. खडूने ओठ सुजतो हे मी नव्यानेच ऐकतोय. पूर्वीचे खडू बरे होते म्हणायचे.

पंचनदम येऊन गेला. हा माझा मेव्हणा आणि जन्माचा तविलवाला. माझे दात गेल्यापासून याला एक सुपारी नाही, तरी उजव्या हाताच्या बोटांवर तविलची ताजी टोपणं चढवलेली. म्हटलं, "काय रे, कुणासाठी बडवतोयस?"

"एक शिकणारं आहे, दाजी. हात चालता ठेवावा म्हणून जातो."

"कोण?"

"आहे एक. लाजाळू आहे." आणि कॉफी न पिता गेला. कॉफी सोडून गेलेला पंचनदम मी आजवर पाहिला नव्हता.

२४ एप्रिल

फजिती लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा विसरायला नको. नाट रागात वर चढलो, छान चढलो, स्वर लागला, अंगावर काटा आला, आणि पत्तीबरोबर वरची कवळी बाहेर येऊन मांडीत पडली. घरात कुणी नव्हतं म्हणून अब्रू राहिली.

२६ एप्रिल

वाद्य पिशवीत घालून सरळ दवाखान्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे कशाला आणलंत?" मी खुर्चीत बसलो आणि फुंकलं. बाहेरचे सगळे पेशंट आत! एक जण गालाला बर्फ लावून ऐकत होता. मी म्हटलं, "आता बघा, ओठ कुठे घसरतो. तिथे घासा. पुढचे दोन दात एवढे सरळ नकोत, जरा आत घ्या."

"आजोबा, लोक वाकडे दात सरळ करायला येतात माझ्याकडे."

"त्यांना मल्लारी वाजवायची नसते."

बाई गुणी आहेत. घासत गेल्या, मी फुंकत गेलो. शेवटी जेवायची वेळ टळली तेव्हा एक सूर सरळ निघाला. दोघंही हसलो. फी घेत नव्हत्या, मी बळेच दिली.

३ मे

आता संथ आलाप जमतो. पण जलद गतीत गेलो की ओठ थकतो. उभं राहून वाजवलं की लवकर थकतो, चालताना त्याहून लवकर. पालखीपुढे देवळाभोवतीचे चारही रस्ते चालत वाजवायचं असतं.

कुणाला सांगितलेलं नाही. मला भीती वाटते. मरणाची नाही. पालखी उचललेली आहे, सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघतोय आणि माझ्या वाद्यातून नुसती हवा येतेय, हे रोज डोळ्यांसमोर येतं.

पलीकडचा बुवा मात्र दिवसेंदिवस पिकत चाललाय. रोज जेवताना त्याच्या चुका काढतो आणि दुसऱ्या दिवशी त्या नसतात. आता चुका काढायला शोधाव्या लागतात. कालपासून मल्लारी धरलीय त्याने. माझी मल्लारी.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तरी तैयलचे संध्याकाळचे जादा तास चालूच. पिळून काढलंय पोरीला या शाळेने.

९ मे

आज तालीम म्हणून परसात चकरा मारत मल्लारी वाजवली. तिसऱ्या चकरेला ओठ सुटला. पुन्हा सुरुवात. पुन्हा सुटला. पुन्हा. ही दारात येऊन उभी राहिली, पाण्याचा तांब्या ठेवून गेली. मग मी ओल्या टॉवेलने तोंड झाकून बसून राहिलो.

आपण मूर्ख नाही. यंदा माझ्याच्याने होणार नाही. बाहेरची पार्टी येईल, दोन सिनेमाची गाणी घालून मल्लारी उरकेल आणि पुढच्या वर्षी आम्हाला कुणी विचारणार नाही. हे होऊ द्यायचं नाही. कसं, ते ठरवायचं.

१२ मे

ठरवलं. पलीकडच्या बुवाला पान द्यायचं.

आमच्यात रीत आहे. वाजवणाऱ्याला वाजवता येईनासं झालं तर तो देवासमोर पानसुपारीचं ताट ठेवून आपली जागा दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो. ताट घेतलं की तो आमच्या घरचा म्हणून उभा राहतो, आमचीच मल्लारी वाजवतो. मग त्यात बदल नाही. देणाऱ्यालाही नाही, घेणाऱ्यालाही नाही.

पंचनदमला बोलावून सांगितलं. त्याला ठसकाच लागला.

"दाजी, नक्की? एकदा पान दिलं की दिलं."

"मला रीत शिकवू नकोस."

"तो कोण, कुठला, कुणाच्या पोटचा, काही विचारणार नाही?"

"वाजवतो कसा ते ऐकलंय. आणखी काय विचारायचं? माझ्या घराण्याचं एवढं स्वच्छ माझ्या सख्ख्या शिष्यांना नाही आलं. माणूस कुणीही असो."

पंचनदमने डोळे पुसले. मला वाटलं मेव्हण्याला माझी दया आली. म्हटलं, "रडतोस काय? मी जिवंत आहे."

१५ मे

देवळात गेलो. मुरुगनसमोर ताट ठेवलं, विड्याची पानं, सुपारी, नारळ, केळी, वर चाफ्याचं फूल. अधिकारीसाहेब साक्षीला होते. मी मोठ्याने म्हटलं की ज्याच्या हाती हे ताट जाईल तो विशाखमला माझ्या जागी उभा राहील. ताट पंचनदमने उचललं आणि नदीकडे गेला.

काम पक्कं केलं.

१६ मे

सकाळी देवघरात गेलो तर ताट तिथे. माझंच ताट, वरचं चाफ्याचं फूल तेवढं कोमेजलेलं.

मला वाटलं बुवाने परत पाठवलं. ओरडलो, "कुणी आणलं हे? नको म्हणाला का तो?"

ही पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या मागून तैयल आली. नुकती न्हालेली, केस ओले, ओठ तसाच सुजलेला.

"अप्पा, पान मी घेतलं."

मला समजायला वेळ लागला. उंदीर, खडू, जादा तास, लाजाळू शिकणारं. मी घरातला सगळ्यात मोठा गाढव. सगळ्या गल्लीला माहीत होतं म्हणे. दूधवाल्यालासुद्धा!

मी ताट उचललं आणि चप्पल शोधायला लागलो.

ही दारात आडवी उभी राहिली. "कुठे निघालात?"

"परत ठेवायला."

"देवासमोर दिलेलं पान परत घेतात? तुमच्या बापाने घेतलं होतं का कधी?" आणि मग, डोळ्यांत पाणी आणि आवाज मात्र खणखणीत, "माणूस कुणीही असो म्हणालात ना पंचूला? मग असू दे की कुणीही!"

मी जेवलो नाही.

१७ मे

आजही जेवलो नाही. डोशांचा वास येत होता. मुद्दाम करतात.

१८ मे

तैयल ओट्यावर येऊन माझ्या शेजारी बसली. मीच म्हटलं, "कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच."

"मी कधी शिकवलं?"

"तुम्ही इथे त्या शिष्यांना शिकवायचात. मी आत नारळ खवत बसलेली असायचे. त्यांना एकच गोष्ट चारदा सांगावी लागायची. मला ती चारही वेळा ऐकायला मिळायची."

"आणि वाद्य?"

"मामाने जुनं आणून दिलं. लग्नाआधी थोडं वाजवायचे. मग राहून गेलं. तुमचे दात पडायला लागले तेव्हा पुन्हा धरलं."

म्हणजे माझा पहिला दात पडला तेव्हापासून पोरीची तयारी चाललेली. मला राग आला, खरंच आला. म्हटलं, "मी असताना माझ्या जागेवर उभं राहायची घाई झाली तुला?"

ती उठली नाही. म्हणाली, "तुम्ही असतानाच उभं राहायचंय, अप्पा. तुम्ही गेल्यावर चुका कोण काढणार?"

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकायच्या आधीच नाही म्हणाला असतात."

हे खोटं आहे असं मला लिहायचं होतं. पेन थांबलं.

मग मी म्हटलं, "मल्लारीच्या दुसऱ्या फेऱ्यात श्वास चुकीच्या ठिकाणी घेतेस. वाद्य आण." ती आत पळाली ती लहानपणी पळायची तशी. मागून ही ओरडली, "आधी दोघंही जेवा!" चार डोसे खाल्ले. मऊ होते.

२१ मे

आता नदीपलीकडे जायचं नाही, ओट्यावर बसूनच वाजवायचं, असा माझा हुकूम. रस्त्यावर माणसं थांबतात. देवळाचे जुने विश्वस्त रामलिंगम थांबले आणि म्हणाले, "शिवगुरु, पोरगी बरी वाजवते. घरात ठीक आहे. पण पालखीपुढे बाई?"

मी म्हटलं, "पान मी दिलंय. हरकत असेल तर मुरुगनला सांगा, त्याच्यासमोरच दिलं ते."

म्हातारा काठी आपटत गेला. मला बऱ्याच दिवसांनी ताकद आल्यासारखं वाटलं.

२४ मे

एक अडचण आहे. खालचा आधारसूर द्यायला तैयलने विजेची पेटी आणलीय. बटण दाबलं की गुणगुण करते. सूर बरोबर आहे, त्यात खोट काढता येत नाही. पण चालायला लागलं की तविलच्या दणक्यात ती ऐकूच येत नाही, आणि तैयल सूर शोधत राहते. तिचं अर्धं लक्ष तिथे जातं. माझ्या बापाच्या वेळेला हे काम माणूस करायचा. ओत्तु नावाचं वाद्य घेऊन एकच स्वर अखंड धरायचा. पेट्या आल्या आणि ओत्तुवाले गेले.

आज मी नुसता एक स्वर धरून परसात चाललो. बोटं नाहीत, चढउतार नाही, एकच स्वर. गालात हवा साठवायची आणि ती सोडता सोडता नाकाने श्वास घ्यायचा. कवळी हलली नाही. ओठ सुटला नाही. परसाच्या किती चकरा झाल्या कुणास ठाऊक, हिने जेवायला हाक मारली तेव्हा थांबलो.

२५ मे

सकाळी मेण वितळवलं. माझं वाद्य मांडीवर घेतलं. षड्जाला जेवढी बोटं बसतात तेवढी भोकं मेणाने बुजवून टाकली. पहिलं बुजवायला वेळ लागला. बाकीची पटापट बुजवली.

तैयलने पाहिलं आणि तिच्या हातातलं भांडं पडलं. "अप्पा, हे काय केलंत!"

"ओत्तु केला. तुझ्या मागे मी उभा राहणार."

"तुम्ही मागे? लोक काय म्हणतील?"

"लोकांना दात आहेत, बोलतील. तू पुढे बघ."

पंचनदम म्हणाला, "दाजी, ओत्तुवाल्याला प्रसादही सगळ्यांच्या शेवटी मिळतो, माहीत आहे ना?" म्हटलं, "मिळतो ना? मग झालं." तो पुन्हा रडला. हा माणूस तविल वाजवण्याच्या लायकीचाच नाही, फार मऊ आहे.

विशाखम

घरी येऊन पाय गरम पाण्यात बुडवून बसलोय. लिहून काढतो.

सकाळी देवळाचं दार उघडलं. पालखी आत तयार. तैयल पुढे उभी, हिरवं कांजीवरम, कपाळाला विभूती. शेजारी पंचनदम. मी दोघांच्या मागे. रामलिंगम तोंड फिरवून उभे होते. अधिकारीसाहेबांनी मान हलवली. मी सूर धरला. मग गंभीर नाट उठला आणि मल्लारी सुरू झाली आणि भोयांनी पाऊल उचललं.

पहिल्या रस्त्याला ती घाबरलेली होती. मला तिची पाठ दिसत होती, खांदे ताठ. मी सूर जरा भरून दिला. खांदे खाली आले. दुसऱ्या रस्त्याला लोक घराबाहेर आले. बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येक जणी पालखीआधी तैयलकडेच बघत होत्या.

दक्षिणेच्या कोपऱ्यावर तिने गंमत केली. मल्लारीत एक जागा आहे, ती आम्ही छाटून घेतो. बापाने छाटली, मी छाटली. तैयलने ती छाटली नाही. लांबवली, वर नेली, आणखी वर नेली, आणि मला कळेना की पोरगी उतरणार कुठून. माझा जीव वरखाली झाला. एरवी मी तिथेच थांबवून चार शब्द सुनावले असते. पण तोंडात ओत्तु. तोंड काढलं तर सूर तुटतो, आणि सूर तुटला तर ती पडते. मी गाल फुगवून धरून राहिलो. आणि ती उतरली. अशा वाटेने उतरली की पंचनदमचा हात एक ठोका चुकला आणि रामलिंगम म्हाताऱ्याने काठी काखेत धरून दोन्ही हात जोडले.

चारही रस्ते झाले. सूर तुटला नाही.

प्रसाद शेवटी मिळाला. सक्करै पोंगल, म्हणजे मऊ गूळभात, कवळीला झेपला.

आत्ता तैयल समोर येऊन उभी राहिली. ही दाराशी, पंचनदम ओट्यावर, सगळे कान देऊन. तैयल म्हणाली, "अप्पा, दक्षिणेच्या कोपऱ्यावर माझं चुकलं ना?"

मी म्हटलं, "ती जागा मला शिकव."

तिने मान हलवली. माझ्या वाद्यातलं मेण काढायला गरम सुई लागेल, ती ही शोधून ठेवतेय. उद्या सकाळी बसायचं ठरलंय.